आक्कांनी दोडका सोडला

मी पर्यावरण वाचवायला निघाले तेव्हा मला वाटलं होतं, आडवं कुणी आलंच तर ते बाजारातले प्लास्टिकवाले येतील. उजवा हात प्लास्टरात घालून गळ्यात अडकवलेली, मुंगी दिसली तर तिला वाट देऊन बाजूला थांबणारी घरचीच एक म्हातारी माझं सगळं पर्यावरण उताणं पाडेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

आधी घर सांगते. बेळगावात, टिळकवाडीत दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. आमचे हे वकील, मी हायस्कुलात जीवशास्त्र शिकवते. म्हणजे घरात बोलणाऱ्यांची कमी नाही, ऐकणाऱ्यांची आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना एकदम पृथ्वीची काळजी वाटायला लागली. त्याआधी आम्हाला फक्त पार्किंगची वाटायची. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी पुढाकार घेतला, मोबाइलवर ‘हिरव्या सख्या’ नावाचा ग्रुप निघाला आणि आम्ही सगळ्या जणी हिरव्या झालो.

हिरवं होणं म्हणजे काय, तर आधी खरेदी. घरात चांगले धडधाकट प्लास्टिकचे डबे होते, ते मी कामाच्या मावशींना दिले आणि स्टीलचे आणले. प्लास्टिक काही पृथ्वीवरून गेलं नाही, अनगोळला मावशींच्या घरी गेलं. बांबूचे टूथब्रश आणले, त्यांना बुरशी आली. कापडी पिशव्या इतक्या जमल्या की त्या ठेवायला एक कपाट रिकामं करावं लागलं, आणि तरी बाजारात पोचल्यावर हातात एक असेल तर शपथ! शेवटी आला कंपोस्टचा माठ. एकावर एक तीन मडकी, अंगाला भोकं, वर झाकण. माठ मातीचा, पण त्याच्याभोवती इतकं फुग्याफुग्यांचं प्लास्टिक गुंडाळलेलं की ते सोडवता सोडवता आमच्या ह्यांना घाम फुटला. फुगे मात्र त्यांनी सगळे आवडीने फोडले.

त्या माठाने मला वेड लावलं, हे खरं. सख्या एकमेकींच्या माठाची चौकशी अशा करायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं कुणी बाळंतीण घरात आहे. “वास येतो का हो?” “पहिल्यांदा यायचा, आता छान बसलाय.” माझ्या माठात तर थोड्याच दिवसांत पांढऱ्या, गुबगुबीत अळ्या पडल्या. कचरा खाऊन फस्त करणाऱ्या, उपयोगी अळ्या. मी त्यांचा फोटो ग्रुपवर टाकला. माझ्या लग्नाच्या वाढदिवसाच्या फोटोला आले नव्हते इतके बदाम त्या अळ्यांना आले.

अशा ऐन भरात निपाणीजवळच्या बोरगावहून फोन आला. माझ्या सासूबाई परड्यात शेवाळावर घसरून पडल्या होत्या. त्यांना अख्खं बोरगाव आक्का म्हणतं, म्हणून आम्हीही आक्काच म्हणतो. सासरे गेल्यापासून त्या तिथे एकट्याच राहतात. हे गाडी घेऊन धावले आणि त्यांना घेऊन आले. उजवं मनगट मोडलं होतं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, “म्हातारं हाड आहे बघा. औषधापेक्षा खाण्यावर जुळेल. भाज्या, फळं, दूध, काही कमी पडू देऊ नका. खाल्लं नाही तर हात कामातून जाईल.”

आम्ही जैन. कांदा-बटाटा घरात येत नाही, पाणी गाळून प्यायचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं. माझं हे सगळं पास होण्यापुरतं, आक्कांचं मेरिटमध्ये. पण बाई गोड. आल्या दिवसापासून डाव्या हाताने माझं स्वयंपाकघर आवरायला लागल्या. रिकाम्या झालेल्या दुधाच्या पिशव्या धुवायच्या आणि चिमटे लावून दोरीवर वाळत घालायच्या. माझ्या हिरव्या बाल्कनीत प्लास्टिकची तोरणं! तिसऱ्या मजल्यावरून खाली बघितलं तर थेट दिसतील अशी.

“आक्का, हे नका करू. प्लास्टिक लई वाईट. ते वर्षानुवर्षं कुजत नाही.”

“मग चांगलंच की गं!” आक्का म्हणाल्या. “कुजत न्हाय म्हंजे त्येच्यात जीव पडत न्हाय. जीवच पडला न्हाय तर मरंल कोन? ह्याच्याएवढी अहिंसक वस्तू दुसरी कुठली हाय सांग. तुझ्या त्या गोणपाटाच्या पिशवीत बघ जा, किडं झाल्यात.”

मी गेले, बघितलं. खरंच झाले होते. हे पेपरच्या आडून म्हणाले, “पॉइंट आहे.” ह्यांना कोर्टात कधी बोलायचं ते कळतं की नाही कुणास ठाऊक, घरात अजिबात कळत नाही.

पिशव्यांवर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते. एका सकाळी आक्का बाल्कनीत उन्हाला बसून णमोकार मंत्र म्हणत होत्या. म्हणता म्हणता त्यांनी शेजारच्या माठाचं झाकण सहज उचललं, आणि णमोकार थांबला.

“ह्ये काय गं?”

मी उत्साहाने पुढे झाले. माझ्यातली शिक्षिका जागी झाली की मला थांबता येत नाही. ह्या उपयोगी अळ्या, ह्या साली खातात, ह्यांच्यामुळे खत होतं, सगळं सांगितलं.

“मग फुडं?”

“पुढे त्यांच्या माश्या होतात, उडून जातात.”

“समद्या?”

“समद्या नाही. म्हणजे खत तयार झालं की ते काढून उन्हात वाळवायचं असतं. त्या वेळी ज्या आत राहिलेल्या असतात त्या...”

“त्या काय?”

मी हाताने नुसतं उन्हाकडे दाखवलं.

“म्हंजे तू त्येंला जेवाय घालतीस, वाढिवतीस, आन मग उन्हात घालून मारतीस.”

“आक्का, ते निसर्गाचं चक्र असतंय.”

“खाटकाचं बी चक्रच असतंय की,” आक्का म्हणाल्या आणि झाकण हळूच ठेवलं. कुणाचा पाय चेंगरू नये म्हणून आधी कडेने बोट फिरवून बघितलं.

भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडणात मी तयार आहे. दुपारी पानात दोडक्याची भाजी वाढली, ती त्यांनी कडेला सारली.

“आवडला नाही?”

“आवडतोय की. म्हणून तर सोडला. न आवडणारं कोन बी सोडतंय.”

आमच्यात नियम घेणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. चारचौघांसारखा उपास असतो तो दुसऱ्या दिवशी सुटतो. नियम घेतलेल्या माणसाने अमुक वस्तू सोडली म्हणजे सोडली. हात जोडा, पाय धरा, पोळीत लपवून द्या, काही उपयोग नाही. आक्कांचं म्हणणं सरळ होतं. दोडक्याची साल माठात जाते, तिच्यात जीव पडतात, मग ते मरतात. त्यांच्या ताटापायी ते व्हायला नको. बाकीच्यांनी काय खायचं ते बाकीच्यांनी बघावं.

एवढ्याने काय होतंय, असं मला वाटलं. दोडका नाही तर दुधी. पण दुधीलाही साल असते. दुधी गेला. केळं गेलं. पपई गेली. डाळिंब दाण्यांपेक्षा टरफलांचंच फळ, ते पहिल्या झटक्यात गेलं. ताजी हिरवी भाजी आणावी तर तिचे देठ. मी जिद्दीला पेटले. दोडक्याच्या शिरांची चटणी केली, सालीसकट भाजी केली, म्हटलं आता माठात काय जातंय ते दाखवाच. आक्कांनी चटणीचा वास घेतला, डोळे मिटले. त्यांना ती जीव की प्राण, हे मला ठाऊक होतं. मग म्हणाल्या, “देठ कुठं गेला?”

देठ माठातच गेला होता. जाणार कुठे?

मी म्हटलं, ठीक आहे, माठात काहीच टाकत नाही, सगळं घंटागाडीत देते. रोज सकाळी ‘हसि कसा, ओण कसा’ असं कानडीत गात ती गाडी येते, ओला वेगळा नि सुका वेगळा मागते. आक्का म्हणाल्या, “गाडीत गेल्यावर जीव पडायचं थांबतंय व्हय? आन तू काय टाकली न्हाईस तर ह्या माठातली उपाशी मरतील, त्येंचं काय?” म्हणजे टाकलं तरी हिंसा, नाही टाकलं तरी हिंसा. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी, हातात सालींचा वाडगा.

बोरगावात साली शेजारच्या म्हशीपुढे जात, प्रश्नच नव्हता. म्हणून मी टिळकवाडीत म्हैस शोधली. म्हैस मिळाली नाही, एक गाय मिळाली. जीवशास्त्राची बाई भर रस्त्यात वाडगा घेऊन गायीच्या मागे फिरतेय, हे माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी बघितलं. गायीने माझ्या सालींना नाक लावलं, फुस्स केलं आणि कुणीतरी फेकलेली इडलीची प्लास्टिकची पिशवी चघळत पुढे गेली.

मग आक्कांनी चहा सोडला. गाळलेली चहाची पूड माठात जाते म्हणून. बोरगावच्या बाईने चहा सोडला! त्या दिवशी मी घाबरले. दोडका सोडणं हा विचार असतो, चहा सोडणं म्हणजे निश्चय. आता त्यांच्या ताटात राहिलं काय, तर भाकरी, आमटी, भात आणि वाटीभर दूध. चेहरा उतरला. बांगड्या कोपरापर्यंत मागे सरायला लागल्या. आणि बाल्कनीत माठातलं मंडळ आमच्या दोघांच्या वाटणीच्या पपईवर दिवसेंदिवस सुटत चाललेलं. अळ्या मरू नयेत म्हणून मी पपई आणत होते, आणि माणूस उपाशी! माझा मलाच संताप यायचा.

आणि नेमक्या ह्याच दिवसांत तिसऱ्या मजल्यावरच्या बाई पाहणीला आल्या. सख्यांपैकी कुणाच्या घरात किती ओला कचरा निघतो, ते बघत फिरत होत्या. माझी बादली बघून त्यांनी गालावर हात ठेवला.

“अगं बाई, ओला कचरा जवळजवळ नाहीच! तीन माणसांच्या घरात! कसं जमवलं हो?”

काय सांगणार? सासू जेवत नाही, म्हणून जमलं? मी नुसती हसले. त्यांना वाटलं, विनय. मग त्यांनी आक्कांना माठाशेजारी उभं केलं, प्लास्टरवरून पदर नीट केला आणि फोटो काढला. पाच मिनिटांत तो ग्रुपवर आला. ‘कचरामुक्त घर! हात मोडला तरी निर्धार मोडला नाही. आक्कांकडून शिका.’ खाली टाळ्यांचा पाऊस. एकीने विचारलं, “आक्का काय खातात ते सांगा ना, आम्हीही तसंच करू.”

मी फोन सोफ्यावर आपटला. एवढा राग मला वर्षानुवर्षं आला नव्हता. त्या बाईंवर काय रागवायचं? फोटोतल्या आक्कांचे खांदे बघितले मी. ब्लाउज हँगरला लावल्यागत लोंबत होता. रोज डोळ्यांपुढे वावरणारं माणूस इतकं वाळलेलं मला फोटोत दिसलं.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला, मग आक्कांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “हाड जुळायला हवं तसं जुळत नाही. ह्यांना जेवायला घालता ना?” बाहेर बसलेल्या चार बायकांनी माना वर केल्या. सून कशी असते ते त्यांना जन्मापासून माहीत होतं, आज पुरावा मिळाला. मला रडू आवरेना. गाडीत बसल्यावर मी आक्कांना म्हटलं, “हात कायमचा गेला तर काय करणार आहात? माळ कुठल्या हाताने ओढणार?” त्या म्हणाल्या, “डाव्या,” आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. पण आवाज बारीक झाला होता. त्यांनाही भीती वाटत होती, मला ते कळलं. पण नियम म्हणजे नियम.

तेव्हा गाडी चालवता चालवता आमच्या ह्यांनी जन्मात पहिल्यांदा कामाचा प्रश्न विचारला. “आक्का, नियमाला मुदत काय घातलीस?”

“ह्यो माठ तिथं हाय तवर,” आक्का म्हणाल्या. “त्यातल्या जिवांला कुठं मातीत, सावलीत नेऊन सोडलं की माझा नियम सुटला.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. “हे तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही विचारलंत?”

“मला वाटलं, तू विचारलं असशील.”

वकील! लोक ह्यांच्याकडे सल्ल्याला येतात.

दुसऱ्याच दिवशी माठ बोरगावला न्यायचं ठरलं. इथे आसपास मातीच नाही, जी आहे तिच्यावर पेव्हर बसवलेत. सकाळी माठ लिफ्टमधून खाली आणला आणि गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला. कलंडू नये म्हणून त्याला सीटबेल्ट लावला. शेजारी आक्का, डावा हात झाकणावर. त्यांचा स्वतःचा बेल्ट मी आठवण केल्यावर लावला. पहिलंच फर्मान सुटलं, “एसी लाव रं. गरम व्हतंय त्येंला.” मग काय, बेळगावपासून निपाणीपर्यंत काचा बंद, एसी जोरात आणि आत तो वास. संकेश्वरला ह्यांना चहाची तल्लफ आली, तर आक्का म्हणाल्या, “तुम्ही प्या जा. मी बसतो. इंजिन बंद करू नको.” हॉटेलच्या दारात आमची गाडी अळ्यांसाठी धूर सोडत उभी, आणि मी टेबलापाशी बसून मोबाइलवर हिरव्या सख्यांचा मेसेज वाचतेय, ‘आठवड्यातून एक दिवस गाडी नको.’

बोरगावात पोचलो. परड्यात आंब्याखाली ओल होती, गार सावली होती. आक्कांनी जागा दाखवली, ह्यांनी खुरप्याने माती उकरली, आणि मी जन्मात कुणाला जपलं नसेल इतक्या जपून ती मडकी एकेक करून आडवी केली. काळंभोर खत आणि त्यात ती पांढरी वळवळ, सगळं मातीवर आलं. वरून पालापाचोळा पसरायचा बेत होता. आक्कांनी डोळे मिटून डावा हात छातीशी नेला आणि पुटपुटायला सुरुवात केली. ह्यांनीही हात जोडले. मला एकदम हलकं वाटलं. म्हटलं, सुटलो बाई एकदाचे.

तेवढ्यात कुंपणाखालून शेजाऱ्यांची एक तांबडी कोंबडी आत आली. तिने मान वाकडी करून बघितलं. मग तिने काय आवाज दिला तो तिलाच ठाऊक, मागून आख्खी फौज उठल्यागत कोंबड्या आल्या. मी “हाड हाड” करत धावले, हे पालापाचोळ्याची पाटी टाकून धावले. माझी ओढणी कुंपणाला अडकली, ह्यांची एक चप्पल खतात रुतली. कोंबड्यांनी आमच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. पपई खाऊन पोसलेल्या त्या अळ्या त्यांनी बघता बघता साफ केल्या. शेवटची अळी दोन कोंबड्यांनी दोन्हीकडून ओढली.

आता ही बाई भाकरी सोडणार. दूध सोडणार. हात तर गेलाच, आता माणूस जाणार. मागे वळून बघायचं धाडस होईना.

“चला,” आक्का मागून म्हणाल्या. “भूक लागल्या. डब्यात काय आणलीस?”

मी वळले. त्या शांतपणे पायरीवर टेकत होत्या. थोडी हळहळ होती चेहऱ्यावर, नाही असं नाही, पण तेवढीच.

“भूक?” मी ओरडलेच. शेजारीण ऐकत असेल तर ऐकू दे, म्हटलं. “आक्का, त्या कोंबड्यांनी एकसुद्धा ठेवली नाही! आणि तुम्हाला भूक लागलीय? मग तिकडे माझ्या घरात इतके दिवस उपाशी का राहिलात? हात जायची पाळी आली, डॉक्टर मला बोलला, माझ्या डोळ्याला डोळा नव्हता! मी त्या कोंबड्यांपेक्षा वाईट केलं होतं काय?”

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वर्गात ढ पोरीकडे मी बघते ना, तसं.

“कोंबडीपुढं उपाशी बसून काय उपेग हाय गं?” त्या म्हणाल्या. “तिला कळतंय व्हय? ज्येला कळंल असं वाटतंय, त्येच्यापुढंच बसायचं असतंय.”

हे खाली मान घालून चप्पल पुसायला लागले. माझा राग होता तसाच होता. डबा उघडला. दोडक्याचीच भाजी होती, रोजच्या जिद्दीने केलेली. मी भाकरी मोडून दिली आणि वर भाजी वाढली. आक्कांनी डाव्या हाताने पहिला घास घेतला, सावकाश चावला, आणि ताट परत माझ्याकडे सरकवलं.

“आनखी वाढ,” म्हणाल्या.